खडा दिसतो तोवर उजेड

छापलेला मजकूर कुणीतरी जबाबदारीने लिहिलेला असतो, असं समजून वाचणारा महाराष्ट्रातला शेवटचा माणूस अकोल्यात राहतो आणि तो माझा साडू आहे. आपण बाकीचे लोक छापील मजकुराशी फार लवकर तडजोड करतो. मिठाईच्या दुकानावर ‘शुद्ध तुपातील’ वाचून आपण तेलातली जिलबी आनंदाने खातो. ‘विनाथांबा’ अशी पाटी लावलेली बस अमरावतीहून निघून मूर्तिजापूरच्या आत पाच-सहा ठिकाणी थांबली, तरी आपण खिडकीबाहेर बघत राहतो. साडूंना ते जमत नाही. बस थांबली की ते कंडक्टरला जवळ बोलावतात आणि विचारतात, “हे काय झालं?” कंडक्टर म्हणतो, “सवारी उतरून राहिली जी.” “म्हणजे गाडी थांबली ना?” “थांबल्याशिवाय कशी उतरीन?” “मंग हा थांबा नाही त काय आहे?” या प्रश्नाचं उत्तर आजवर कुणाही कंडक्टरने दिलेलं नाही; पण साडूंनी विचारायचं सोडलेलं नाही.

याला त्यांची नोकरी कारणीभूत आहे. साडू वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानात शिरायचं, तराजूची दांडी बघायची, वजनांवरचा शिक्का बघायचा, आणि किलो म्हणून जे देतात ते किलोच आहे की नाही एवढंच सांगून बाहेर पडायचं, असं त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी भाजीबाजारातून ते चालले की रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे काटे आपोआप सरळ होतात. एका वांगेवाल्याने तर त्यांना ओळखून, कुणी सांगितलं नसताना दोन वांगी परत टोपलीत टाकली, कारण घाबरून त्याने जास्त तोलली होती आणि साडूंना जास्तही चालत नाही. “जास्त दिलं तेही चुकलंच ना,” असं ते म्हणतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी विनोद केल्याची कसलीही खूण नसते.

निवृत्तीनंतर अशा माणसाने काय करावं, हा घरच्यांपुढे प्रश्न होता. तो एका टॉर्चने सोडवला. आमच्या वऱ्हाडात टॉर्चला बॅटरी म्हणतात. साडूंनी रस्त्यावरच्या एका दुकानातून एक चार्जिंगची बॅटरी घेतली. डब्यावर लिहिलं होतं: नऊ हजार लुमेन, पाच किलोमीटर रेंज, बारा तास. साडूंनी संध्याकाळी दारात उभं राहून ती लावली. समोरच्या लिंबापर्यंत उजेड नीट गेला, त्यापुढे तो आहे की नाही यावर मतभेद झाले असते. दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले आणि म्हणाले, “माझ्या दारातून पाच किलोमीटर म्हणजे शिवणी गाव येते. मले शिवणी दाखवा.” दुकानदार भला माणूस होता. तो म्हणाला, “साहेब, मधात घरं येतात.” साडूंनी हे मान्य केलं. मग त्यांनी विचारलं, “घरं पाडली तर दिसन काय?” दुकानदाराने पैसे परत करायची तयारी दाखवली, पण साडूंना पैसे नको होते, शिवणी हवी होती.

तेव्हापासून त्यांनी बॅटऱ्या तपासायला सुरुवात केली. कुणी मागितलं नसताना, कुणाच्या हुकुमाशिवाय, केवळ डब्यावरचं वाक्य तसंच सोडून देणं बरं नव्हे म्हणून. खिशाला लाल पेन. डब्यावरच्या ‘पाच किलोमीटर’वर काट मारून त्याखाली ते सुवाच्य अक्षरात लिहीत, ‘समोरच्या लिंबापर्यंत’. आतला बोटाएवढा सेल ते आपल्या पितळी तराजूत घालत. वजन पाहिलं की त्यांना त्याची ताकद कळे. “एवढ्याशा वजनात एवढी ताकद मावतच नाही,” ते म्हणाले, आणि पंच म्हणून माझ्यासमोर एक सेल कापून दाखवला. आत करंगळीएवढा दुसरा सेल होता आणि उरलेल्या जागेत पांढरी भुकटी दाबून भरली होती. साडूंनी ती भुकटी चिमटीत घेऊन पाहिली. दुधात पाणी, मिरचीत भुसा हे त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं होतं. पण विजेत भेसळ करता येते हे त्यांना नवीन होतं.

पुढे त्यांनी मला या धंद्यातली मुख्य युक्तीही समजावून दिली. डब्यावर उजेड लिहितात तो पहिल्या काही मिनिटांचा, आणि तास लिहितात ते सगळ्यात मंद बटणाचे. दोन्ही खरं असतं. फक्त एकाच वेळी खरं नसतं. शिवाय सुरुवातीच्या उजेडाचा दहावा हिस्सा उरेपर्यंत बॅटरी चालू आहे असं मोजायची चांगल्या कंपन्यांचीसुद्धा रीत आहे. हे ऐकून मी म्हणालो की, रीत ठरलेली असेल तर त्यात फसवणूक कसली? साडू म्हणाले, “भाऊ, तुमी मले जेवाले बोलावलं आणि पोळीचा दहावा हिस्सा ताटात हाये तोवर पंगत चालू हाये म्हटलं, तर मी उठू का बसू?” मी अमरावतीच्या कॉलेजात आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं आहे. या प्रश्नावर मी अजून विचार करतो आहे.

आता मुख्य अडचण अशी होती की, उजेड म्हणजे किती उजेड? किलोचा शिक्का असतो, लिटरचं माप असतं, उजेडाचं काय? साडूंनी आधी वर्तमानपत्र वाचून पाहिलं. जोवर वाचता येतं तोवर उजेड. पण ते वर्तमानपत्र त्यांनी सकाळीच पहिल्या ओळीपासून शेवटच्या निविदेपर्यंत वाचलेलं असे, त्यामुळे बॅटरी विझल्यावरही ते वाचत राहत. मग त्यांनी माझ्या मोठ्या मेव्हणीला, म्हणजे आपल्या बायकोला बसवलं. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. ताईपुढे सुपात माहेरच्या तेल्हाऱ्याहून आलेली गावरान तुरीची डाळ. या डाळीला चव फार आणि खडे त्याहून थोडेसेच कमी. बॅटरी छताकडे तोंड करून उभी करायची, ताईने डाळ निवडायची, साडूंनी थोड्या थोड्या वेळाने विचारायचं, “दिसते काय वं?” ती “दिसते” म्हणाली की पुढे. ज्या क्षणी ती म्हणेल, “आता खडा नाई दिसत,” त्या क्षणी बॅटरी संपली. मग ती आणखी दोन तास मिणमिणत का बसेना.

साडूंना रात्री जेवणानंतर डोळा उघडा ठेवता येत नाही, म्हणून ही परीक्षा दिवसा होई. मधल्या खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या, झरोक्याला जुना लेंगा, दाराच्या फटीला चादर. कूलर बंद, कारण कूलरच्या खिडकीतून उजेड येतो. अकोल्याच्या मे महिन्यात कूलर बंद करून घोंगड्या लावलेल्या खोलीत बसणं म्हणजे काय, हे लिहून कळणार नाही. खात्याच्या सवयीने त्यांना पंच लागे, आणि तो मी होतो. मी अमरावतीहून बसने जात असे, घाम पुसत भिंतीला टेकून बसत असे आणि माझ्यासमोर घडलं ते खरं आहे असं शेवटी म्हणत असे. ताईला मध्येच उठायची परवानगी नव्हती, कारण बाहेर गेल्यावर डोळ्यांची अंधाराची सवय मोडते. ती तिथेच लसूण सोली, तिथेच भिंतीला टेकून डुलकी काढी, आणि हाक आली की सुपावर वाके. मी एकदा म्हणालो, “साडूभाऊ, माणसाचे डोळे आज एक सांगतील, उद्या एक. त्यापेक्षा उजेड मोजायचं यंत्र मिळतं, ते घ्या.” ते म्हणाले, “यंत्र चुकते. हिचे डोळे नाही चुकत.” ताई लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही. पण सोललेली पाकळी टरफलांत टाकली आणि टरफल वाटीत.

अशा रीतीने बारा तासांच्या बॅटऱ्या अडीच-तीन तासांवर आल्या, आठ तासांच्या दोनावर. आणि आमच्या अमरावतीच्या घरात इतकी स्वच्छ डाळ साठली की, बायकोने दुकानातून डाळ आणणं सोडून दिलं.

हे सगळं मजेत चाललं असताना राजू बॅटऱ्यांच्या धंद्यात पडला. राजू म्हणजे ताईचा आणि माझ्या बायकोचा एकुलता एक भाऊ. तेल्हाऱ्याला सासऱ्यांच्या मागे घर त्यानेच उघडं ठेवलेलं. त्याने आधी आइस्क्रीमच्या कोनांचं यंत्र घेतलं, मग थंड पाण्याचे कॅन, मग शेतातली रानडुकरं पळवायला वाघाची डरकाळी वाजवणारा भोंगा. डुकरं आठवडाभर घाबरली आणि नंतर भोंग्याभोवतीच उकरू लागली. या वेळी त्याने दिल्लीहून खोकी भरून बॅटऱ्या आणल्या होत्या आणि स्वतःचे डबे छापणार होता. हेही बसलं तर घराला कुलूप लावून पुण्याला एका गोदामात नोकरी धरायची, असं त्याच्या बायकोने ठरवलं होतं आणि तिला दोष देण्यासारखं काही नव्हतं. ताईने एवढंच म्हटलं, “त्यानं कुलूप लावलं की आमचं माहेर संपलं.” माझ्या बायकोने त्या दिवशी मला दोनदा विचारलं की पुण्यात भाडं किती असतं.

राजू डब्याचा नमुना घेऊन अकोल्याला आला. मी तिथेच होतो. तो म्हणाला, “भाऊजी, आमच्या तिकडचे लोकं तुमाले मानतात. डब्यावर एकच ओळ टाकू द्या, ‘निवृत्त वजनमाप निरीक्षकांनी तपासलेली’. बस्. माल उडून जाईन.”

साडूंनी डबा वाचला. “बारा तास?”

“सगळेच बारा लिवतात. चोवीसवालेही हायेत.”

“तपासतो,” साडू म्हणाले. “जे निघन ते छापशील?”

“छापतो.”

“मंग उद्या सकाळी.”

दुसऱ्या दिवशी घोंगड्या लागल्या. राजू माझ्याशेजारी भिंतीला टेकून बसला. ताई सूप घेऊन बसली ती त्या दिवशी लसूण न घेता. बॅटरी, खरं सांगायचं तर, वाईट नव्हती. पहिला तास छत लख्ख दिसत होतं, दुसऱ्या तासालाही तक्रार नव्हती. तिसऱ्या तासाच्या शेवटी उजेड खाली बसायला लागला. आधी छताचे कोपरे गेले, मग भिंतीवरचं कॅलेंडर, मग राजूचा चेहरा.

“दिसते काय वं?”

“दिसते.”

मला सुपाचा काठ दिसत नव्हता. थोड्या वेळाने साडूंनी पुन्हा विचारलं, आणि ताई पुन्हा म्हणाली, “दिसते.” अगदी नेहमीच्या आवाजात. नंतर नंतर ताई कुठे बसली आहे हे मला तिच्या बांगड्यांवरून कळत होतं. त्या थांबत नव्हत्या. डाळ सुपात सरकल्याचा आवाज येत होता, आणि ती बोटांनी चाचपून दाणा न् दाणा पाहते आहे हे डोळे मिटूनही कळलं असतं. साडूंनी माझ्या दिशेने मान वळवली असावी. पंचाने अशा वेळी बोलायचं असतं. मी घोंगडीकडे पाहत राहिलो.

शेवटी राजूच म्हणाला, “ताई, राहू दे वं.”

“तू गुमान बस,” ताई म्हणाली. “मले दिसते ना.”

साडू एकदाही म्हणाले नाहीत की दिसत नाही. त्यांना म्हणता येत नव्हतं. नियम त्यांचाच होता आणि त्या नियमात त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांना जागा नव्हती. ते ठरलेल्या वेळी विचारत राहिले आणि ताई उत्तर देत राहिली, इतकी की मला वाटायला लागलं, आम्ही चौघं संध्याकाळपर्यंत असेच बसणार. पण बॅटरीला एवढी भीड नव्हती. ती पुरती विझली. ताई म्हणाली, “आता नाई दिसत.” साडूंनी खिडकीची घोंगडी ओढून काढली, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “सहा तास.” भर दुपारच्या उन्हात आम्ही सगळे डोळे चोळत होतो, त्यामुळे कुणी कुणाकडे नीट पाहिलं नाही.

संध्याकाळी त्याच डाळीचं वरण होतं. साडूंनी पहिला घास घेतला आणि कडकन आवाज झाला. असा आवाज त्या घरात मी कधी ऐकला नव्हता. ताईच्या हातातली पळी तशीच राहिली. साडूंनी घास तोंडात तसाच धरला, मग तांब्या उचलून पाणी प्यायले आणि म्हणाले, “मीठ बरोबर झालं.” राजू ताटात मान घालून जेवत होता. तिसऱ्या घासाला मलाही एक लागला. मीही पंचच होतो. गिळला.

डबे छापून आले. ‘सहा तास. निवृत्त वजनमाप निरीक्षकांनी तपासलेली.’ दुकानदार आधी हसले. शेजारच्या डब्यांवर बारा आणि चोवीस लिहिलेलं असताना सहावाली कोण घेणार? पण घडलं उलटंच. तिकडच्या लोकांनी असा हिशेब केला की, जो माणूस नुसते सहा लिहितो तो खरं बोलत असला पाहिजे. माल हळूहळू का होईना, जायला लागला. राजूच्या बायकोने पुण्याचं नाव घेणं थांबवलं. भाऊबीजेला दोघी बहिणी तेल्हाऱ्याला गेल्या, राहिल्या आणि वजन वाढवून परत आल्या. आनंदात नव्हते ते एकटे साडू. त्यांनी जन्मभर पकडलेल्या दुकानदारांत असे पुष्कळ होते की ज्यांचं वजन थोडंसंच कमी असे, म्हणून कुणाला संशय येत नसे. तसले लोक त्यांना सगळ्यात घातक वाटत.

हिवाळ्याच्या तोंडाशी तेल्हाऱ्याकडचे एक म्हातारे शेतकरी दवाखान्याच्या कामाने अकोल्याला आले, ते ओळख काढून घरी आले. मीही होतो. थैलीतून राजूची बॅटरी काढून त्यांनी टेबलावर उभी केली.

“साहेब, तुमचं वाचून घेतली. बाकीचे सारे लबाड. आमच्याकडे पंपाची लाईन येते रात्रीची. हरभऱ्याले पाणी द्यायले जा लागते. धुऱ्यावर जनावर असते. मागच्या साली पायाखालीच आलतं.” धुरा म्हणजे शेताचा बांध, आणि जनावर म्हणजे साप, हे सांगायला नको. “तर म्हटलं इचारूनच जा. सहा तास बिनघोर राहू ना वावरात?”

ताई चहा घेऊन दारात उभी होती. साडूंनी बॅटरी हातात घेतली, बटण दाबलं, बंद केलं.

“सहा तास चालते,” ते म्हणाले. “पण तुमी तीन तासांत घरी या.”

“काहून?”

“वय झालं तुमचं.”

म्हातारे हसले. “वय त तुमचंही झालं.”

“म्हणूनच मी घरी आहो,” साडू म्हणाले. मग आत जाऊन त्यांनी आपल्या कपाटातून एक सेल आणला, तराजूत घातला, पुन्हा घातला, आणि म्हाताऱ्यांच्या थैलीत टाकला. “हा संगं ठेवा. उजेड बसला वाटलं की बदलवा. वाट पाहू नका.”

ते गेल्यावर साडूंनी राजूला फोन लावला. ते फोनवर मोठ्याने बोलतात, त्यामुळे पलीकडचं ऐकू आलं नाही तरी अडत नाही. “डब्यात एक सेल जास्तीचा टाक. … मले माहीत आहे परवडत नाही. … काहून म्हणजे? सहा लिवलं ना तू? मंग सहा दे. … ज्यायनं आधी नेल्या त्यायलेही पोचव. … हाव, गावोगाव. गाडी आहे ना तुह्याकडे.” त्यांनी फोन ठेवला. ताईने गार झालेला चहा उचलून नेला आणि न विचारता दुसरा केला. राजूने बरेच दिवस कुरकुर केली. पण सेल टाकले. सध्या तेल्हाऱ्याचं घर उघडं आहे आणि डब्यावरचे सहा तास खरे आहेत.

परवा मी अकोल्याला गेलो तेव्हा एक नवी बॅटरी बरोबर नेली होती. डब्यावर इतकं काही लिहिलेलं होतं की मला वाटलं, साडूंचा महिनाभर वेळ चांगला जाईल. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. ताई जवळच्या बाजेवर त्यांचा सदरा मांडीवर घेऊन बसली होती, बटण तुटलं होतं. ऊन उतरलं होतं, लिंबाची सावली अंगणभर झाली होती. साडूंनी डबा चारी बाजूंनी वाचला. लाल पेन काढलं, टोपण उघडलं, पुन्हा लावलं आणि पेन खिशात ठेवलं.

“तपासणी बंद केली, भाऊ,” ते म्हणाले. “हिचे डोळे थकले आता.”

ताईने चष्म्याशिवाय, त्या उतरत्या उजेडात, सुईच्या नेढ्यातून दोरा एका खेपेला आरपार नेला आणि गाठ मारली.

“हाव,” ती म्हणाली, “थकले.”